बाळाची भूक आणि आपली नजर

घराबाहेर असताना बाळाला भूक लागली तर आईने काय करावे? प्रश्न साधा आहे. बाळाला दूध पाजावे, एवढेच त्याचे उत्तर असायला हवे. पण आपल्या घरांत हे उत्तर सहजासहजी मिळत नाही. दवाखान्याच्या रांगेत, एसटीच्या बाकावर, लग्नाच्या हॉलमध्ये बाळ रडू लागले की आई आधी आजूबाजूला पाहते. मग सासूबाईंकडे पाहते, मग नवऱ्याकडे. कुणीतरी म्हणते, "थांब, घरी गेल्यावर पाज." कुणी पिशवीतून बाटली काढून देते. कुणी संडासाकडे बोट दाखवते. ज्या ठिकाणी आपण स्वतः पाण्याचा घोटही घेणार नाही, तिथे आपल्याच लेकराला जेवायला पाठवतो आणि त्याला हयेचे नाव देतो. या महिन्यात आम्हाला याच विषयावर थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

आधी यात बाळाचे काय जाते ते पाहू. आईचे दूध साठवणीच्या टाकीसारखे नसते, की सकाळी भरले आणि संध्याकाळी वापरले. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. दोन-तीन वेळचे पाजणे चुकले की छाती दगडासारखी होते, दुखते, कधी गाठ धरून ताप येतो. आणि रोजच पाजणे टाळले की शरीर समजते, आता इतक्या दुधाची गरज नाही, आणि दूध कमी होत जाते. मग घरात बोलणे सुरू होते, "हिला दूधच येत नाही." अनेकदा दूध येत असते. त्याला वेळेवर वाट मिळालेली नसते, एवढेच.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीही नको, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळेच निव्वळ आईच्या दुधावर असल्याचे दिसले. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बाळांचे प्रमाण तर सुमारे ४२ टक्केच होते. याला कारणे अनेक आहेत. पहिला चीक टाकून देण्याची चाल आहे, मध-घुट्टी आहे, बाळंतपणातल्या अडचणी आहेत, आईचे कामावर जाणे आहे. पण चारचौघांत पाजायची लाज हेही त्यातले एक कारण आहे, आणि ते असे आहे की ते दूर करायला पैसा लागत नाही.

आता दीनची बाजू. कुरआनने या विषयाला आडपडद्याने स्पर्श केलेला नाही. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत ज्यांना मुदत पुरी करायची आहे त्यांच्यासाठी पूर्ण दोन वर्षांच्या दुधाचा उल्लेख आहे. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, बाळामुळे आईला त्रास दिला जाऊ नये असे बजावले आहे, आणि दूध तोडायचे तर दोघांनी आपसांत सल्लामसलत करून, राजीखुशीने, असे सांगितले आहे. म्हणजे दूध पाजणे हे एकट्या आईचे काम म्हणून सोडून दिलेले नाही. बाप त्यात बांधलेला आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्या आईला संकटाच्या घडीत जो इशारा मिळाला, त्यातही आधी बाळाला दूध पाजण्याची गोष्ट होती. आपल्या प्रेषितांना (स.) वाढवणाऱ्या हलीमा सादिया (रजि.) यांचे नाव आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असते. आणि दुधाचे नाते तर शरीअतने इतके पक्के मानले की एका आईचे दूध प्यालेल्या दोन परक्या मुलांचा आपसांत निकाह होऊ शकत नाही. ज्या कृतीला एवढा मान आहे, ती लपवण्याजोगी ओंगळ गोष्ट कशी ठरेल?

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला एक प्रसंग रिवायतींत येतो. दूध सुटलेल्या मुलांसाठी बैतुलमालमधून वजीफा मिळत असे. एका रात्री गस्त घालताना त्यांना एका बाळाचे रडणे पुन्हा पुन्हा ऐकू आले. चौकशी केली तेव्हा कळले की वजीफा लवकर मिळावा म्हणून आई वेळेआधीच दूध तोडत आहे. हजरत उमर फार व्यथित झाले आणि त्यांनी नियम बदलला. वजीफा जन्मापासूनच मिळेल, कुणी घाईने दूध तोडू नये, अशी दवंडी पिटवली. आम्हाला या प्रसंगातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. पण त्याचा भार बाळाच्या तोंडच्या घासावर पडत आहे असे दिसताच, खलीफाने आईला दोष दिला नाही. नियमच दुरुस्त केला.

आपल्या घरांतले आणि समाजातले नियमही याच कसोटीवर तपासायला हवेत.

कुणी विचारील, मग हयेचे काय? पर्द्याचे काय? हया ईमानचा भाग आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण दूध पाजणे म्हणजे सतर उघडे टाकणे नव्हे. दुपट्टा, ओढणी, शाल, बुरख्याचा घेर, यांच्या आड पिढ्यान्‌पिढ्या आयांनी लेकरे वाढवली. आपल्या आज्या शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठी, ओसरीवर बसून पदराखाली पाजत होत्या. समोरून जाणारा पुरुष मान वळवत असे. त्याला तसे शिकवावे लागत नसे. सूरह अन-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, स्त्रियांचा त्यानंतर. आपण मात्र पहिली ओळ विसरून दुसरीपासून सुरुवात करतो. पाहणाऱ्याला मोकळीक आणि पाजणारीला शिक्षा, हा न्याय आपला नाही.

"बाळ लहान असेपर्यंत बाईने बाहेर पडूच नये," असेही काहीजण म्हणतात. हे बोलणे ज्यांच्या घरी सगळे दारात येते त्यांना शोभते. भाजी विकणारी, घरकामाला जाणारी, रेशनच्या रांगेत उभी राहणारी, बाळाला लस टोचायला नेणारी आई काय करील? लशीसाठी तर बाळाला बाहेर न्यावेच लागते, आणि सुई टोचल्यावर त्याला शांत करायला आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही.

या प्रश्नाला आता एक नवे अंगण मिळाले आहे, ते म्हणजे मोबाईलचा पडदा. फेसबुकने सुरुवातीच्या काळात बाळाला पाजणाऱ्या आयांची छायाचित्रे नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकली. २००८ च्या डिसेंबरात त्याविरुद्ध अनेक आयांनी निषेध नोंदवला. वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०१४ मध्ये कंपनीने आपला नियम सैल केला. इन्स्टाग्रामनेही २०१५ मध्ये आपल्या नियमांत स्पष्ट केले की बाळाला पाजत असलेल्या आईचे, किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्रणांचे छायाचित्र चालेल. नियम बदलला, तरी यंत्राला तो समजेलच असे नाही. २०२० मध्ये ब्राझीलमधल्या एका बाईने स्तनाच्या कर्करोगाची लक्षणे ओळखता यावीत म्हणून टाकलेली छायाचित्रे यंत्राने आपोआप काढून टाकली. कंपनीच्या निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये ते काढणे चुकीचे ठरवले.

यातून काय घ्यायचे? यंत्र फक्त अवयव पाहते. तो अवयव कशासाठी दिसतो आहे, हे त्याला कळत नाही. भुकेले बाळ, आजारी बाई आणि बाजारात मांडलेले शरीर, हे तिन्ही त्याच्या लेखी सारखेच. यंत्राला नीयत कळत नाही, हे आपण समजू शकतो. पण अमलांचा दारोमदार नीयतवर आहे हे शिकवलेल्या माणसांनीही तसेच पाहावे? आपल्याच घरातल्या मोबाईलवर दिवसभर अर्धनग्न जाहिराती आणि रील्स सरकत असतात, त्यावर कुणी हूं की चूं करत नाही. आणि कोपऱ्यात ओढणीआड बाळाला पाजणाऱ्या सुनेला मात्र "जरा आत जा," असे सांगितले जाते.

याचा अर्थ अशी छायाचित्रे टाकावीत असा आमचा आग्रह आहे का? मुळीच नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. बाळाला वेळेवर दूध मिळणे ही गरज आहे, ती टाळता येत नाही. छायाचित्र जगापुढे ठेवणे ही निवड आहे, ती टाळता येते. २०१८ मध्ये केरळच्या 'गृहलक्ष्मी' या मल्याळम पाक्षिकाने मुखपृष्ठावर बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले आणि टक लावून पाहू नका, असे आवाहन केले. त्यावर मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यात अश्लीलता मानली नाही. चित्रातली स्त्री त्या बाळाची आई नव्हती, ती मॉडेल होती, म्हणून अनेकांना तो प्रकार खटकला. आमच्याही मते खाजगीपणाची जी मर्यादा आपल्याला दीनने दिली ती मोलाची आहे, आणि आपल्या लेकीसुनांची चित्रे परक्या नजरांपुढे ठेवण्याची काही गरज नाही. पण मुखपृष्ठाचा राग एसटीच्या बाकावर बसलेल्या गरीब आईवर काढणे हा जुलूम आहे. तिला कुणाला काही दाखवायचे नसते. तिला फक्त बाळाचे रडणे थांबवायचे असते.

आणि एक इशारा आपल्या तरुण मुलांसाठी. चारचौघांत पाजणाऱ्या बाईचे गुपचूप चित्रण करणे आणि ते ग्रुपवर फिरवणे ही गंमत नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार कुणाच्या शरीराच्या खाजगी भागाचे तिच्या संमतीशिवाय, तिचा खाजगीपणा मोडून चित्रण करणे वा ते पसरवणे हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाई सार्वजनिक जागी बसली होती ही सबब तिथे चालत नाही. अल्लाहच्या दरबारातला हिशेब वेगळाच.

सरकारी पातळीवर काही पावले पडली आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी अवघड कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोण जाणत नाही? तिच्याच नावाने एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष सुरू झाले. तामिळनाडूने २०१५ मध्ये बस स्थानकांवर अशा खोल्या उघडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी दूध पाजण्याला कलंक समजू नये असे सांगून, अशा खोल्यांबाबतच्या केंद्राच्या सूचनांकडे राज्यांनी लक्ष द्यावे असे बजावले. पण खोली असली आणि तिला कुलूप असले तर तिचा काय उपयोग? आपल्या गावच्या स्थानकात हिरकणी कक्ष उघडा आहे का, आत बसायला बाक आणि वर पंखा आहे का, हे आपल्यापैकी कुणीही जाऊन पाहू शकतो आणि आगारप्रमुखांना लेखी अर्ज देऊ शकतो.

सरकारआधी आपल्या हातातली कामेही आहेत. आपल्या शादीखान्यात दुल्हनसाठी सजवलेली खोली असते, जेवणासाठी वेगळे दालन असते. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी पडदा लावलेला एक कोपरा, दोन खुर्च्या आणि प्यायचे पाणी ठेवायला किती खर्च येतो? इज्तिमा, सीरतचे जलसे, मदरशाचा वार्षिक कार्यक्रम, जिथे जिथे स्त्रियांना बोलावतो तिथे ही सोय आयोजकांनी आधीच धरावी. ज्या मशिदींत स्त्रियांसाठी जागा आहे तिथेही ती व्हावी. प्रेषित (स.) नमाज पढवत असताना बाळाच्या रडण्याचा आवाज कानी आला की आईच्या जिवाची घालमेल ओळखून नमाज आटोपती घेत असत. इमामत करताना ज्यांनी एवढे जपले, त्यांच्या उम्मतला एक पडदा लावणे जड जाऊ नये.

घरातली कामे याहूनही सोपी आहेत. सासूबाईंनी सुनेला "आत जा" म्हणण्याऐवजी स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकावी आणि शेजारी बसावे. नवऱ्याने प्रवासाला निघताना तिकिटासोबत हाही विचार करावा की बाळाला पाजायला कुठे थांबायचे. तो समोर उभा राहिला तरी अर्धा आडोसा होतो. रमजानमध्ये पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने दिली आहे. तिला टोमणे मारून ती सवलत हिसकावू नये. आणि डब्यातले दूध डॉक्टरांनी गरजेपोटी सांगितले तर जरूर द्यावे, पण लोक काय म्हणतील या भीतीने देऊ नये. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कायद्याने कंपनीला जे करू दिले नाही, ते काम आपली लाज फुकटात करते आहे.

आमच्या भगिनींना शेवटी एवढेच सांगायचे आहे. ओढणी नीट घ्या, बिस्मिल्लाह म्हणा आणि बाळाला पाजा. तुम्ही बाळाला त्याचा हक्क देत आहात. मान खाली घालायची असेल तर ती पाहणाऱ्याने घालावी.