परसातले वाफे आणि घरची थाळी

धाराशिव जिल्ह्यातील अनेक खेड्यांत पालेभाजी येते ती आठवडे बाजाराच्या दिवशी. मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी संपते आणि पुढचे दिवस बेसन, बटाटा, शेंगदाण्याची चटणी यांवर निभावतात. भाजी मोजकी असली की ती आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात पडते. वाढणारीच्या वाट्याला कढईच्या तळाशी उरलेले येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी रोजच्या आहारातील लोहाचा अभाव हे त्यांतील मोठे कारण होय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीच्या दोन हजार उष्मांकांच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात आणि त्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाज्या. म्हणजे पाच माणसांच्या घरात रोज जवळजवळ अर्धा किलो पालेभाजी हवी. बाजारावर विसंबून हे साधणे कठीण; परसातून मात्र साधू शकते.

या जिल्ह्याला त्याचा एक मोलाचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या पुनर्वसनाच्या कामातून पुढे आलेल्या, प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने नंतर शेतकरी स्त्रियांसाठी ‘एक एकर’ पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतील एखादा एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचे ते तिने ठरवायचे, धान्य, कडधान्य आणि भाजीपाला आधी घरासाठी राखायचा आणि उरलेले विकायचे, असे तिचे सूत्र. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. परसबागेने यातून घ्यायचा धडा असा, की काय लावायचे आणि आधी कुणाच्या ताटात वाढायचे हे ठरवण्याचा अधिकार बाईच्या हाती असेल, तरच बाग तिच्या आरोग्याला उपयोगी पडते.

एकर नसला तरी अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे साडेपाचशे चौरस फूट, अनेक घरांमागे निघतो. तेवढ्यात सहा गादीवाफे आणि कडेने चारपाच झाडे सहज बसतात. येथील काळी माती पावसात चिकट होऊन पाणी धरते, मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. मराठवाड्याने २०१६चा दुष्काळ पाहिला आणि सप्टेंबर २०२५ची अतिवृष्टीही. म्हणून वाफा दोन्ही टोके सोसणारा हवा. पावसाळ्यात उंच वाफ्यावर पेरावे आणि दोन वाफ्यांमधल्या सरीत पाणी मुरू द्यावे. उन्हाळ्यात मात्र उंच वाफा लवकर सुकतो. तेव्हा पेरणी सरीत करावी आणि वाफ्यावर जाड आच्छादन घालून तो विसाव्याला ठेवावा.

वाफा दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि माती तुडवली जात नाही. उंची फूट-दीड फूट पुरे. तळाशी वाळक्या फांद्या, पऱ्हाटी, तुराट्या घालाव्यात. त्यावर पालापाचोळा किंवा उसाचे पाचट, मग शेण, मग कुजलेले खत मिसळलेली माती. तलावातील गाळ मिळाल्यास उत्तम. कुजणारे लाकूड ओलावा धरून ठेवते. मात्र ते कुजताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात. त्यामुळे पहिल्या वर्षी शेण सढळ हाताने घालावे आणि चवळी, गवार, घेवडा यांसारखी शेंगवर्गीय पिके अवश्य घ्यावीत.

सर्व वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. मेथी, पालक, माठ साधारण महिन्याभरात काढणीला येतात. चार वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर एक संपताना दुसरा तयार होतो. उरलेल्या दोन वाफ्यांत वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी घ्यावी. अंबाडी, चुका, चाकवत या बाजारात मागे पडत चाललेल्या भाज्यांनाही जागा द्यावी. तांदुळजा आणि घोळ आपोआप उगवतात; तण म्हणून त्यांना उपटून फेकू नये.

झाडे वाफ्यावर न लावता कडेच्या घट्ट जमिनीत लावावीत, कारण वाफा कुजत खाली बसत जातो. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई आणि सीताफळ एवढी झाडे पुरतात. त्यांच्या उंचीनुसार वर झाड, मध्ये झुडूप, खाली भाजी आणि कुंपणावर दोडका किंवा वाल अशी लहानशी खाद्यवनराई तयार होते. शेवगा दरवर्षी छाटून कमरेएवढा ठेवावा. पाला हाताशी येतो आणि वाफ्यांवर दाट सावली पडत नाही.

ताटातही थोडे भान हवे. पालेभाजीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व ते शोषण वाढवते. म्हणून शेवग्याच्या पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळावे. जेवणासोबत चहा टाळावा. दोन्हींत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. सोबत डाळ किंवा उसळ असावी. मात्र रक्तक्षयाचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बागेच्या भरवशावर थांबवू नयेत. बाग औषधाची जागा घेत नाही. पुन्हा अशक्तपणा येऊ नये यासाठी ती साथ देते.

काही सावधगिरी आवश्यक आहे. लाकडाच्या सांदीत साप-विंचू आसरा घेतात. वाफा घराच्या भिंतीपासून दूर असावा आणि सर्व लाकूड मातीने पूर्ण झाकावे. रंग दिलेली लाकडे वापरू नयेत. भांडी घासलेले पाणी वाळू-खडीतून गाळून झाडांच्या आळ्यात सोडावे. कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊ नये. सरीत पाणी आठवडाभर साचून राहिले तर डास वाढतात, म्हणून उताराची बाजू मोकळी ठेवावी.

मृग लागण्यापूर्वी एक वाफा रचून पाहावा. पहिल्या जुडीची भाजी शिजेल त्या दिवशी घरातील सर्वांनी एका पंगतीला बसावे, आणि शिजवणारीने आपले ताट सर्वांसोबतच वाढून घ्यावे.