ओळख आणि खूण

२०१८ च्या ऑगस्ट महिन्यात, ११ आणि १३ या दोन तारखांना, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो दरोडा पडला त्यात कोणी तिजोरी फोडली नाही की पहारेकऱ्यास धाक घातला नाही. तरीही सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएम यंत्रांतून रोकड काढली गेली आणि भारतातील ज्या शहरांत हा प्रकार घडला, त्यांत आपले कोल्हापूरही होते. एटीएमने केलेली विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही. हल्लेखोरांनी मध्ये उभारलेल्या तोतया यंत्रणेने परस्पर होकार दिला. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली.

या प्रकरणाचा खरा धडा ओळख आणि खूण यांतील फरकाचा आहे. यंत्र माणसाला ओळखत नाही. ते केवळ खूण ताडून पाहते. कार्ड, गुप्त आकडा, भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी या सर्व खुणाच होत. ज्याच्या हाती खूण, तोच यंत्राच्या लेखी धनी!

शिवाजी पेठेत एके काळी माणूस पटवून घ्यायला कागद लागत नसे. कोणत्या तालमीचा, कोणत्या गल्लीतला, कोणाचा मुलगा, एवढे पुरे होई. उभा मारुती चौकात सांगितलेले खोटे नाव संध्याकाळपर्यंतही टिकले नसते. अर्थात प्रत्यक्ष परिचय हाही बिनचूक पुरावा नव्हे. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेल्या तोतयामागे कोकणात मोठे बंड उभे राहिले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्याने घोर लावला. लोक फसले, कारण भाऊ परत यावेत अशी अनेकांची मनापासून इच्छा होती. आजचा भामटा इच्छेबरोबर भीतीचाही उपयोग करतो. ‘खाते बंद होईल’, ‘वीज तोडली जाईल’, ‘आपल्याला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगून तो विचार करण्यास उसंतच देत नाही. वास्तविक अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

नागरिकाने सावध राहावे, हे खरेच. ओटीपी म्हणजे कोऱ्या कागदावरील सही, असे समजून तो कोणासही सांगू नये. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर व बँकेत तत्काळ कळवावे. परंतु सारा उपदेश ग्राहकालाच करून संस्थांना मोकळे होता येणार नाही. कोणती खूण पुरेशी मानावयाची, हे निवृत्त शिक्षक किंवा लिपिक ठरवीत नाही. ते बँक ठरविते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे तत्त्व बऱ्याच अंशी मान्य केले. दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून त्रयस्थाचा असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले असेल, तर त्याची जबाबदारी शून्य. ग्राहक जबाबदार असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मात्र बँकेवर. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचेच. भुलवून काढून घेतलेला आकडा आणि बेपर्वाईने दिलेला आकडा यांत येथे भेद राहिला नाही, आणि सामान्य माणूस नेमका येथेच नाडला जातो.

आधारच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा ज्याच्याजवळ कागद नाही त्यालाही ओळख मिळावी, हा हेतू होता. तो स्तुत्यच होय. पण कार्ड हरवले तर नवे मिळते, गुप्त आकडा बदलता येतो. बोटाचा ठसा चोरीस गेला तर नवे बोट कोठून आणणार? ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आधारमध्ये आहे, पण ती किती जणांना समजावून सांगितली जाते?

खूण चोरीस जाणे म्हणजे माणूस खोटा ठरणे नव्हे. ज्या दिवशी बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या वृद्ध ठेवीदाराला ‘आकडा तुम्हीच दिला ना?’ या प्रश्नाआधी ‘काय घडले?’ असे विचारले जाईल, त्या दिवशी या व्यवस्थेला माणसाची ओळख पटली असे म्हणता येईल.