पाहुणी गाडी आणि बिऱ्हाड केलेली गाडी

गणपती, शिमगा, ईद किंवा मे महिन्याची सुट्टी आली की मुंबईतला चाकरमानी रत्नागिरीची वाट धरतो. कोकण रेल्वेचे आरक्षण संपलेले, एसटी भरलेली. मग उरते खासगी बस. त्या बसची नंबरप्लेट कधी वाचून पाहा. काही बसवर ‘एनएल’ किंवा ‘एआर’ दिसेल, म्हणजे नागालँड किंवा अरुणाचल प्रदेश. मुंबई-गोवा महामार्गावर रोज धावणाऱ्या या गाडीने आपले तथाकथित गाव कधी पाहिले तरी असेल का?

कारण सरळ आहे. मोटार वाहन कायदा केंद्राचा, १९८८चा. पण वाहनावरचा कर राज्याचा. महाराष्ट्रात तो १९५८च्या कायद्याने घेतला जातो आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा. जिथे कर कमी तिथे नोंदणी करायची, अखिल भारतीय पर्यटक परवाना काढायचा आणि धंदा मात्र इथे करायचा, असा हा हिशेब.

कायद्यात याची सोय आहे असे नाही. कलम ४० सांगते की मालकाचे घर किंवा धंदा जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे उभी असते, त्या राज्यात नोंदणी करावी. कलम ४६नुसार एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. पण कलम ४७ पुढे बजावते की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागेल. थोडक्यात, पाहुण्याला मोकळीक आहे. बिऱ्हाड केले तर घरपट्टी भरावी लागते.

हा फरक विसरून ‘परराज्यातल्या गाड्या हटवा’ अशी ओरड होते, ती मला मान्य नाही. मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणारा कर्नाटक किंवा केरळचा ट्रक खरा पाहुणा आहे. तो नॅशनल परमिटसाठी वर्षाला १६,५०० रुपये भरतो, माल उचलतो आणि आपल्या वाटेला लागतो. तो आला नाही तर इथल्या मच्छीमाराचा माल बर्फात पडून राहील. त्याची प्लेट पाहून त्याला रस्त्यात अडवणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणे. त्याने महाराष्ट्रातल्याच दोन गावांमध्ये भाडे मारले तर मात्र नियम मोडला. नॅशनल परमिटवर ते चालत नाही.

खरा अन्याय होतो तो ‘एमएच ०८’ लावून प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या इथल्या छोट्या बसमालकावर. रस्ता तोच, डिझेलचा भाव तोच, प्रवासीही तेच. पण हा पूर्ण कर भरतो आणि शेजारी उभा असलेला लांबच्या प्लेटवर भाडे उतरवतो. प्रामाणिक माणूस तोट्यात गेला की तोही एक दिवस नागालँडचा एजंट शोधू लागतो.

तमिळनाडूने जून २०२४ मध्ये अशा बसवर बडगा उगारला. इथे धंदा करायचा तर इथे नोंदणी करा, असे सांगितले. महाराष्ट्रानेही कलम ४७ मनावर घ्यावे. गाडी बारा महिने कुठे होती हे शोधणे आता अवघड नाही. फास्टॅग, ई-चलन, ऑनलाइन तिकीट विक्री, सगळीकडे तिचा माग आहे.

पण सरकारनेही आपला दरवाजा उघडा ठेवायला हवा. नोंदणी बदलायची तर जुन्या राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणा, इथला कर भरा आणि तिथला परतावा मिळवण्यासाठी पुन्हा तिथेच खेटे घाला. बदलीच्या नोकरदारांच्या खासगी गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका आणली. व्यावसायिक वाहनांना ती लागू नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने धंदा बंद ठेवून किती दिवस कागद फिरवायचे? परतावा एका राज्याने दुसऱ्याकडे परस्पर वळता केला, तर अर्धी लबाडी आपोआप थांबेल.

कर भरायचा तो ज्या रस्त्याची चाळण आपल्या चाकांनी होते, त्या रस्त्यासाठी. कोकणातल्या खड्ड्यांतून कमवायचे आणि पैसे कोहिमाला भरायचे, हा व्यवहार कायद्याला धरून नाही आणि इमानालाही धरून नाही.