टँकरचा टोल

आमच्या माहुलमध्ये मोटारी थोड्या आणि टँकर फार. रिफायनरीच्या भिंतीलगत त्यांची रांग लागते. मागे लाल अक्षरांत ‘ज्वालाग्राही’, खाली रस्त्याला घासत जाणारी साखळी, कप्प्यांच्या झाकणांना सील. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. मुलुंडला, दहिसरला जल्लोष झाला. या रांगेत मात्र कुणी मान वर करून पाहिलं नाही. टँकर पडला जड वाहन. तो चेंबूर, मानखुर्द करत वाशीला पोचला की त्याचे पैसे कापले जाणारच होते.

गंमत अशी की त्याच्या पोटातलं पेट्रोल शेवटी जातं खाडीपलीकडच्या पंपावर आणि तिथून त्याच टोलमाफ मोटारींत. म्हणजे गाडी फुकट, तिचं पेट्रोल पैसे भरून. ऑक्टोबर २०२३ च्या दराने ट्रकला १५० रुपये, त्याहून मोठ्या धुडाला १९०. बारा हजार लिटरच्या टँकरला १५० रुपये लावले तर लिटरमागे सव्वा पैसा पडतो. यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही, मीही नाही. (आणि ज्या तेलाचं नशीब थोर, ते याच रिफायनरीतून पाइपलाइनने थेट मनमाडला जातं. जमिनीखाली नाका नसतो.)

माझं दुखणं वेगळं आहे. नाक्यावर जे कापलं जातं, तेवढ्यालाच आपण टोल समजतो. खरा व्यवहार त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. युतीच्या काळात, १९९६ मध्ये, रस्ते विकास महामंडळ निघालं, मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधायचं ठरलं आणि त्यांचा खर्च शहराच्या वेशीवर वसूल करायचा असं ठरलं. पुढे २०१० मध्ये एमईपी या कंपनीने महामंडळाला २,१०० कोटी रुपये एकरकमी मोजले आणि सोळा वर्षांची वसुली आपल्याकडे घेतली. उभं पीक अडत्याला विकून टाकावं, तसं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचंही तेच. आयआरबीने २००४ मध्ये ९१८ कोटी मोजून पंधरा वर्षांची वसुली घेतली आणि २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींचा करार केला. दोन्ही कंपन्या डोंबिवलीच्या म्हैसकरांच्या घरातल्या. एक भाऊ वेशीवर, दुसरा घाटात. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी इकडे एकदा बघावं.

त्यात गैर काही नाही. कंपनीने धोका पत्करला, पैसे आधी दिले. पण पुढच्या सोळा वर्षांचे पैसे सरकारने आजच उचलले म्हटल्यावर मधेच कुणीतरी ‘माफ’ म्हणालं तरी ते माफ होतात कसे? होत नाहीत. कंपनीला भरपाई द्यावी लागते आणि ती जाते तिजोरीतून. २०१५ मध्ये राज्यातल्या ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटी सोडल्या, तेव्हाही असंच झालं. कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून टोल घालवला. हिंमत त्यांचीच, पण कंपनीचे पैसे तिथेही सरकारनेच चुकते केले.

आता ही तिजोरी भरतं कोण? तानसा जलवाहिनीलगतची झोपडी तुटली म्हणून जिला माहुलच्या सात मजली इमारतीत आणून टाकलं, ती बाई भरते. साबणाच्या वडीवर, गॅसच्या शेगडीवर. ती बेस्टच्या बसला लटकून कुर्ल्याला कामाला जाते. वाशीचा नाका तिने पाहिला असेल-नसेल, पण वाशीहून सुसाट जाणाऱ्या मोटारवाल्याचे पंचेचाळीस रुपये थोडे थोडे तिच्याही नावे पडतात. वापरील तो भरील, हे टोलचं मूळ तत्त्व. माफीने ते उलटं केलं आणि आपण टाळ्या वाजवल्या.

टोलशिवाय रस्ता होतच नाही, हेही मला पटत नाही. माहुलच्या जवळूनच जाणारा ईस्टर्न फ्रीवे केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून झाला, २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यावर पहिल्या दिवसापासून टोल नाही. तो पैसाही जनतेचाच, पण निदान ते उघड होतं.

परवा चहाच्या टपरीवर बार्शीकडच्या एका टँकरवाल्याला विचारलं, वाशीला किती जातात रे? त्याला सांगता येईना. “पयलं शेठ खर्ची द्यायचे, पावती जपून न्यावी लागायची. आता फास्टॅग. मेसेज शेठच्या फोनवर पडतो.”

पावतीवर निदान आकडा असायचा. कंपनीने किती भरले, किती वसूल केले, किती राहिले, माफीपोटी सरकारने किती दिले, हे चार आकडे नाक्यावर ठळक लिहावेत. त्याला ना समिती लागते, ना निविदा. एक पत्रा आणि एक रंगारी पुरे. रंगाऱ्याची मजुरी हवी तर आम्ही माहुलकर वर्गणी काढून देऊ.