रंगपेटी आणि खरी काटकसर

जून महिना उजाडून शाळा उघडली, कीं विद्यार्थ्यांच्या हातीं साहित्याची यादी पडते. ह्या यादींत चित्रकलेच्या सदराखालीं जितके जिन्नस असतात, तितके क्वचितच दुसऱ्या विषयाखालीं असतील. रंगपेटी, लहानमोठे कुंचले, चार प्रकारच्या पेन्सिली, रंगीत खडू, कागदाची वही, रंग कालविण्याची तबकडी! यादी वाचून सुखवस्तु घरचीं मुलें आनंदानें बाजारास निघतात, आणि गरीब घरचीं मुलें ती यादी दप्तराच्या तळाशीं दडवून ठेवतात. चित्रकलेचा पहिलाच धडा असा पैशाच्या पायीं चुकूं नये, म्हणून विद्यार्थिमित्रांशीं व त्यांच्या पालकांशीं ह्या विषयावर चार शब्द मोकळेपणानें बोलावे असें फार दिवस मनांत होतें.

आरंभीं माझाच एक अपराध कबूल करतों. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत, एका वर्गाचा चित्रकलेचा तास मजकडे आला होता. बारा रंगांची पेटी प्रत्येकानें आणलीच पाहिजे, असा नियम मीं घालून दिला. एक मुलगा दोन आठवडे पेटी आणीना. तिसऱ्या आठवड्यांत मीं त्याला तासभर वर्गाबाहेर उभें केलें. पुढें कांहीं दिवसांनीं वह्या तपासतांना त्याच्या गणिताच्या वहींतून लग्नपत्रिकांचा एक जुडगा खालीं पडला. प्रत्येक पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीच्या थोटकानें काढलेलें एकेक चित्र होतें. कोठें पाणी पिणारा बैल, कोठें चुलीपुढें बसलेली आई, कोठें छपरावरचा कावळा. तशी रेघ माझ्या हातांत आजहि नाहीं. मीं त्याची क्षमा मागितली व माझी स्वतःची पेटी त्याच्यापुढें ठेविली. परंतु त्याचें मन त्या तासावरून उडालें तें उडालेंच. देवानें त्या मुलास दान दिलें होतें, आणि मी मात्र त्याजकडे पेटी मागत बसलों होतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शिकणाऱ्यास बारा किंवा चोवीस रंग खरोखर लागतात काय? जलरंग म्हणजे बारीक कुटलेली रंगाची पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, एवढाच त्याचा मुख्य संसार. तांबडा, पिवळा व निळा हे तीन रंग चांगले असले, म्हणजे हिरवा, नारिंगी व जांभळा हे त्यांच्या मिश्रणानें होतात. तिन्ही एकत्र केले असतां तपकिरी व करड्या छटा मिळतात. आणि जलरंगांत पांढऱ्याचें काम कोरा कागदच करतो. फार तर मातीच्या छटेसाठीं एक गेरवी रंग अधिक घ्यावा. असे चारच रंग ज्याच्यापाशीं आहेत, त्या मुलास हवा तो रंग स्वतः बनवावा लागतो, आणि बनवितां बनवितां तो शिकतो. कडुनिंबाच्या पानाचा हिरवा आणि केळीच्या पानाचा हिरवा एक नव्हे, हें त्याच्या ध्यानांत येतें. ज्याच्या पेटींत हिरवा रंग तयारच असतो, तो बहुधा दोन्ही पानें एकाच हिरव्यानें रंगवून मोकळा होतो. म्हणजे थोडे रंग घेण्यांत केवळ पैसा वांचतो असें नव्हे, तर डोळाहि तयार होतो. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या परीक्षांस बसणाऱ्यांना पुढें कांहीं रंग वाढवावे लागतील. ते त्यांनीं गरजेप्रमाणें एकेक सुटे घ्यावे. त्यासाठीं नवी पेटी नको.

परंतु काटकसर आणि कृपणता ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें पालकांनीं विसरूं नये. रंगांची संख्या कमी करावी, कुंचल्याचा कस कमी करूं नये. अगदीं हलक्या कुंचल्याचे केंस चित्रावर गळतात, त्याला टोंक येत नाहीं, आणि मुलाला वाटतें कीं आपलाच हात वाईट. असे सहा कुंचले घेण्यापेक्षां आठ नंबरचा एकच बरा गोल कुंचला घ्यावा. त्याच्या टोंकानें बारीक रेघ निघते व पोटानें आकाश भरतां येतें. हल्लीं कृत्रिम केंसांचे चांगले कुंचले माफक किंमतींत मिळतात. काम संपतांच तो स्वच्छ धुवावा, बोटांनीं टोंक जुळवावें व आडवा ठेवून वाळवावा. पाण्याच्या पेल्यांत केंसांवर उभा करून ठेवलेला कुंचला थोड्याच दिवसांत वांकडा होतो. मग तो कितीहि मोलाचा असो.

कागदाचीहि तीच गोष्ट. सरावासाठीं जुन्या वहीचीं कोरीं पानें, पाठकोरे कागद, लग्नपत्रिका, कांहींहि चालेल. मात्र जलरंगाचें शेवटचें चित्र पातळ कागदावर काढूं नये. पाणी लागतांच तो फुगतो व सारे श्रम वायां जातात. जाड कागदाचा ३० इंच लांब व २२ इंच रुंद असा पुरा ताव घेऊन घरीं कापला, तर ११ इंच लांब व साडेसात इंच रुंद असे आठ तुकडे निघतात, आणि ते बांधलेल्या वहीपेक्षां बहुधा स्वस्त पडतात. जलरंगाची नळी वाळली म्हणून टाकूं नये. ती कापून आंतील वडी ओल्या कुंचल्यानें पुन्हां वापरतां येते. ॲक्रिलिक रंगाचें मात्र तसें नाहीं. तो एकदां वाळला कीं पाण्यानें विरघळत नाहीं, म्हणून तो लागेल तेवढाच काढावा. पेन्सिलीचें थोटूक वेळूच्या बारीक नळींत बसविलें, तर तें आणखी महिनाभर चालतें. चिंचेच्या बारीक काड्या झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत घालून, झांकणास लहानसें भोंक ठेवून, वडील माणसाच्या देखरेखीखालीं विस्तवांत भाजल्या, म्हणजे चित्राचा उत्तम कोळसा घरच्या घरीं तयार होतो. आपल्या देशांतील जुने चित्रकार चिंचेचाच कोळसा वापरीत असत.

कोणी म्हणेल, हें सारें गरिबांचें समाधान झालें. मोठी कला असल्या काटछाटींतून कोठून जन्मणार? ह्यास इतिहासच उत्तर देतो. आपण ज्या पेन्सिलीनें लिहितों, तिचा शिसा टंचाईच्या पोटीं जन्मला. इंग्लंडशीं युद्ध जुंपल्यामुळें फ्रान्सला तेथील उत्तम ग्रॅफाइट मिळेनासें झालें, तेव्हां १७९५ सालीं निकोला-झाक काँते ह्यानें ग्रॅफाइटच्या पुडींत चिकणमाती मिसळून ती भाजली. मातीचें प्रमाण कमीजास्त करून पेन्सिल मऊ किंवा कठीण करण्याची युक्ति त्यांतूनच निघाली. आपल्या पेटींतील गडद निळा रंग एके काळीं अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतांतील मौल्यवान दगड कुटून करीत, व युरोपांतील चित्रकार तो जपून जपून वापरीत. तो स्वस्तांत कृत्रिम रीतीनें कसा करावा ह्यासाठीं १८२४ सालीं फ्रान्समध्यें ६,००० फ्रँकांचें बक्षीस लावण्यांत आलें, आणि १८२८ सालीं तें गिमे नांवाच्या गृहस्थास मिळालें. जो निळा रंग धनिकांच्याच आश्रयानें मिळे, तो आज शाळेच्या पोराच्या पेटींत आहे. तो उधळावयाचा नव्हे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचें नांव पुष्कळ मुलांनीं ऐकलें असेल. तो एका पाळकाचा मुलगा. चित्रकार होण्यापूर्वीं तो बेल्जममधील बोरिनाजच्या खाणकामगारांत सुवार्ता सांगत फिरत असे. पुढें त्याचा धाकटा भाऊ थिओ ह्याच्या मदतीवर त्याचे रंग व कापड येई. जुन्या चित्रावरच तो नवें चित्र काढी. १८८७ सालच्या त्याच्या एका गवताच्या चित्राखालीं एका शेतकरी बाईचा चेहरा दडला आहे, असें २००८ सालीं किरणांच्या साहाय्यानें दिसून आलें. १८९० सालीं, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, त्यानें दोबिन्यीच्या बागेचें एक चित्र भांडीं पुसण्याच्या फडक्यावर काढलें. एवढ्या दूर तरी कशाला जावें? आपल्या पालघर जिल्ह्यांतील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांच्या वारली समाजांत गेरूनें सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचें पाणी आणि टोंक ठेंचलेली बांबूची काडी, एवढेंच परंपरेचें साहित्य. त्याच परंपरेंतून वर आलेल्या म्हशांचीं चित्रें देशोदेशीं गेलीं, आणि २०११ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री देऊन गौरविलें.

आतां शाळेविषयीं व सधन पालकांविषयीं. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, चित्रकलेची यादी दोन भागांत द्यावी. पहिल्या भागांत चार रंग, एक कुंचला, एक मऊ पेन्सिल, रबर आणि थोडे कागद; हें सर्वांनीं आणावें. बाकीचें सारें ऐच्छिक असावें, व तें शाळेंत आणूं नये. नव्या पेटीचा मुलाला होणारा आनंद मला हिरावून घ्यावयाचा नाहीं. ती वाढदिवशीं घरीं खुशाल द्यावी. परंतु वर्गांत एकाच्या बांकावर छत्तीस रंग आणि शेजारच्या बांकावर एक थोटूक असें दृश्य दिसूं लागलें, म्हणजे दोघांचेंहि चित्रावरून लक्ष उडतें. एकाला गर्व होतो, दुसऱ्याला लाज वाटते, आणि ह्या दोहोंच्या पायीं चित्र बिघडतें.

दुसरी सूचना अशी कीं, प्रत्येक वर्गांत एक सामाइक कपाट असावें. वर्षअखेर उरलेले रंग, अर्धे खडू, धुतलेले कुंचले व कोरे कागद मुलांनीं त्यांत ठेवावे, आणि जूनमध्यें ज्याला जें हवें तें त्यानें न विचारतां न्यावें. ‘न विचारतां’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण मागावयास लावलें, कीं मदतीची भीक होते. पांच भाकरींनीं पांच हजारांचें पोट भरल्यावर आपल्या प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, व त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, ही कथा आपल्या मुलांस पाठ आहे. ज्याच्यापाशीं विपुल होतें त्यानेंच उरलेलें वायां जाऊं दिलें नाहीं, हा त्यांतला अर्थ मात्र आपल्या कपाटांपर्यंत अजून पोंचावयाचा आहे.

शेवटीं, यादी दप्तरांत दडविणाऱ्या माझ्या बालमित्रा, तुला एकच सांगणें आहे. पेटी नाहीं म्हणून वर्गाबाहेर राहूं नकोस. लग्नपत्रिकेची पाठ कोरी आहे, आणि कावळा आजहि छपरावर बसलेला आहे. तूं त्याचें चित्र काढ व मला आणून दाखव. ह्या खेपेस मी पेटी मागणार नाहीं.