दोष सापडला; नोंद कोठे आहे?

ड्रोन उडताना पाहणाऱ्याला त्याचे पंखे दिसतात, कॅमेरा दिसतो, फवारणीची टाकी दिसते. दिसत नाही तो त्याच्या पोटातील, तळहातावर मावणारा ‘फ्लाइट कंट्रोलर’ बोर्ड. जायरोस्कोपकडून सेकंदाला शेकडो वेळा माहिती घ्यावयाची, तिला वायुदाबमापक व होकायंत्र यांच्या नोंदींची जोड द्यावयाची आणि प्रत्येक मोटारीचा वेग ठरवावयाचा, हे त्याचे काम. हा बोर्ड क्षणभर चुकला तरी लाखो रुपयांचे यंत्र जमिनीवर आदळू शकते. तो का चुकला हे शोधण्याची विद्या मात्र बहुधा एखाद्या कुशल तंत्रज्ञाच्या डोक्यातच राहते. कागदावर उतरत नाही. हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटला तरी मुळात तो अर्थशास्त्राचा आहे.

या बोर्डाचे दोष मोठे फसवे असतात. मोटारींनी एकदम जास्त प्रवाह ओढला की विजेचा दाब क्षणभर खाली येतो आणि प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. टेबलावर पंख्यांविना चाचणी घेतली तर हा दोष दिसतच नाही. बॅटरीची जाड तार होकायंत्राजवळून गेली की मोटारींचा वेग वाढताच दिशा चुकू लागते. त्याहून विलक्षण उदाहरण वायुदाबमापकाचे. काही बोर्डांवरील हा इवलासा सेन्सर प्रकाशालाही प्रतिसाद देतो. खोलीत तो बिनचूक उंची सांगतो आणि बाहेर त्याच्यावर ऊन पडले की चुकतो. त्यावरचा उपाय म्हणजे फोमचा एक अपारदर्शक तुकडा. उपाय काही पैशांचा. परंतु ज्याला तो ठाऊक नाही त्याचे कित्येक दिवस या शोधात खर्ची पडतात.

येथेच खरी मेख आहे. दोष शोधण्याचा खर्च मोठा असतो; शोधलेला दोष दुसऱ्याला सांगण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, प्रत्यक्ष काम करता करता माणूस जे शिकतो ती उत्पादनातील मोठी शक्ती असते, आणि ज्ञानाचा लाभ ते मिळविणाऱ्यापुरता मर्यादित राहत नसल्याने बाजारपेठ त्यात पुरेशी गुंतवणूक करीत नाही. दोषशोधनाच्या नोंदीला हे तंतोतंत लागू पडते. ती लिहिण्याचे कष्ट एकाचे आणि फायदा शंभरांचा. मग तो एक तरी ती का लिहील? परिणामी तोच दोष दहा ठिकाणी दहा जण नव्याने शोधतात. समाज एकाच वस्तूची किंमत दहा वेळा मोजतो, आणि ही उधळपट्टी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की, या क्षेत्रात ज्ञान खुले करण्याची परंपरा आहेच. ते खरे आहे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ‘ईटीएच’ या तंत्रविद्यापीठात लोरेन्झ मायर यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या प्रकल्पातून ‘पिक्सहॉक’ बोर्ड व ‘पीएक्स-४’ ही प्रणाली निर्माण झाली. तिची आज्ञावली आणि ‘आर्डुपायलट’ या दुसऱ्या प्रणालीची आज्ञावली कोणालाही वाचता येते. परंतु खुला परवाना आज्ञावलीपुरता असतो; दोष कसा सापडला हे लिहून ठेवा, असे कोणताही परवाना सांगत नाही. ते लिहिले जाते ते काही मंडळींच्या सौजन्यामुळे, आणि सौजन्यावर उद्योग उभा राहत नाही.

लिहिले तर काय साधते, याचेही उदाहरण याच बोर्डात आहे. त्यावरील ‘एसटीएम-३२’ मालिकेतील प्रोसेसरच्या आरंभीच्या आवृत्तीत २ मेगाबाइट स्मृतीपैकी १ मेगाबाइटच निर्धोकपणे वापरता येत होती. चिप बनविणाऱ्या कंपनीने आपल्या मालाचा हा दोष स्वतःच्या शुद्धिपत्रकात छापला; त्यामुळे प्रणाली लिहिणाऱ्यांना चिपची आवृत्ती ओळखून मर्यादा पाळता आली. आपला दोष छापल्याने कंपनीचा धंदा बुडाला नाही.

भारताच्या दृष्टीने हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने, काही अपवाद वगळता, तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली; सुट्या भागांची आयात मात्र खुली ठेवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची १,२६१ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तीत किमतीच्या ८० टक्के, परंतु कमाल ८ लाख रुपये, साहाय्य आहे. उरलेला भार गटाचा. फवारणीच्या ऐन हंगामात यंत्र बंद पडले तर पीक थांबत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही. अशा वेळी दुरुस्तीवाला सरसकट बोर्डच बदलत असेल तर त्याची किंमत गट मोजतो. भाग बाहेरून आणून येथे जोडणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. बिघाडाचे कारण येथे कळणे ही त्याची पहिली पायरी होय.

नोंदी उघड केल्या तर प्रतिस्पर्धी फायदा घेतील, ही कारखानदारांची भीती अगदीच निराधार नाही. परंतु बोर्डाचा आराखडा गुप्त ठेवूनही त्याचे दोष व उपाय सांगता येतात. वेळ नसल्याची सबब तर त्याहून लटकी आहे. चांगल्या नोंदीला पानभर जागा पुरते: बोर्डाची व आज्ञावलीची नेमकी आवृत्ती, लक्षण, ते कोणत्या परिस्थितीत दिसले, मोजलेले व्होल्टेज, कोणत्या शंका घेतल्या व कशावरून सोडून दिल्या, आणि अखेर सापडलेले कारण. यांतील सोडून दिलेल्या शंका सर्वांत मोलाच्या. पुढच्या माणसाचा वेळ त्याच वाचवितात. आवृत्तीची नोंद नसेल, तर कोसळण्याच्या क्षणी बोर्डाने कार्डावर टिपलेली माहितीदेखील उलगडत नाही.

म्हणून ज्याच्या हाती पैसा आहे त्याने ही मागणी केली पाहिजे. सार्वजनिक निधीतून ड्रोन घेतले जातात तेथे दोषांची सार्वजनिक नोंदवही ही खरेदीची अट असावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी केवळ उडालेल्या प्रकल्पाला गुण न देता, न उडालेल्या प्रकल्पाच्या प्रामाणिक चिकित्सेलाही गुण द्यावेत. विहीर खणताना कोठे कातळ लागला हे सांगून ठेवणाऱ्याचे श्रम वाया जात नाहीत. न सांगणाऱ्याचे मात्र त्याच्याबरोबरच संपतात.