इस्साचे चरित्र आणि हायकूचे अध्यापन

हायकूची ओळख वर्गात बहुधा पाच-सात-पाच या मोजणीने करून दिली जाते. ही मोजणी मराठीत फारशी उपकारक ठरत नाही. जपानी ध्वनिमात्रा आणि आपले अक्षर ही एक नव्हेत. शिवाय शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी मराठीत रुजविलेल्या हायकूने तीन ओळी स्वीकारल्या, परंतु संख्येचे बंधन काटेकोरपणे न पाळता यमकाला जवळ केले. विद्यार्थ्याच्या हाती आकडा राहतो आणि कविता निसटते.

त्याऐवजी कोबायाशी इस्साच्या (१७६३–१८२८) चरित्रापासून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इस्सा हा काशिवाबारा या डोंगरी गावातील शेतकऱ्याचा मुलगा. आई बालपणीच गेली, सावत्र आईशी पटेना, आणि कोवळ्या वयातच त्याला एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, धाडण्यात आले. १८०१ मध्ये वडील वारले. त्यानंतर सावत्र आई व भाऊ यांच्याशी वाटणीचा तंटा १८१३ पर्यंत चालला आणि राहते घरही दुभागले गेले. पांढरकवडा परिसरातील कापूस उत्पादकांच्या मुलामुलींना हिस्सेवाटणी म्हणजे काय, हे टीप देऊन समजावावे लागत नाही.

यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्यांना कवीचे चरित्र म्हणजे अध्यापनातील पळवाट वाटते. इतरत्र तो आक्षेप रास्तही असेल. इस्साच्या बाबतीत मात्र चरित्र संहितेबाहेर नाहीच. ‘ओरा गा हारु’ ही त्याची कृती १८१९ या एका वर्षाची नोंद आहे. गद्य आणि हायकू तीत एकमेकांना लागून येतात. जपानीत या प्रकाराला हायबुन म्हणतात. त्याच वर्षी त्याची तान्ही मुलगी सातो देवीच्या रोगाने दगावली. तिच्या खेळण्या-बागडण्याचे वर्णन आणि तिच्या मृत्यूची नोंद यांच्या शेजारी उभा असलेला हायकू सुटा काढून फळ्यावर लिहिला, तर स्वायत्तता राहत नाही. उरतो तो केवळ तुकडा.

धोका आहे तो वेगळाच. महिपतींच्या ‘भक्तविजया’पासून कवीचे चरित्र भक्तिभावाने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या सवयीने माशी, पिसू, चिमणी यांच्यावर माया करणारा इस्सा सहज संत होऊन बसतो. वर्षानुवर्षे वाटणीसाठी झगडणारा इस्साही तोच, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. अन्यथा त्याची करुणा स्वस्त होते.

ऋतुसूचक शब्दाचा पाठ यानंतर यावा. जपान्यांनी असे शब्द कोशबद्ध केले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी मृग, पोळा, कापसाची वेचणी, पळस, मोहफूल अशी स्वतःची यादी करावी, आणि त्यातला प्रत्येक शब्द आपण प्रत्यक्ष कोठे पाहिला ते शेजारी लिहावे. अक्षरे मोजायला नंतर पुष्कळ वेळ आहे.